कोरलाइन : चित्रांत विरलेली भीती

ब्रिटिश लेखक नील गेमन यांची २००२ साली प्रसिद्ध झालेली ‘कोरलाइन’ ही लघुकादंबरी मुलांसाठी लिहिलेल्या आधुनिक भयकथांमध्ये अग्रगण्य मानली जाते आणि ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही पुरस्कार तिला मिळाले आहेत. अमेरिकी चित्रकार पी. क्रेग रसेल यांनी २००८ साली तिची चित्रकादंबरी केली. म्हणजे चौकटींतील चित्रे आणि फुग्यांतील संवाद यांच्या आधारे तीच कथा पुन्हा सांगितली. कॉमिक्सच्या क्षेत्रात प्रतिष्ठेचा समजला जाणारा आयस्नर पुरस्कार या पुस्तकालाही लाभला, तरीही मूळ कथा वाचताना अंगावर येणारा काटा येथे क्वचितच येतो.

जुन्या घरात राहायला आलेल्या कोरलाइनला दिवाणखान्यात एक दार सापडते, जे एरवी विटांच्या भिंतीवर उघडते, पण एकदा त्यापलीकडे हुबेहूब तिच्याच घरासारखे घर आणि डोळ्यांच्या जागी काळी बटणे असलेली ‘दुसरी आई’ दिसते. ही आई प्रेमळ बोलते, चविष्ट जेवण वाढते आणि कायमचे राहायचे असेल तर डोळ्यांवर बटणे शिवून घ्यावी लागतील असे सांगते. भीतीचे मूळ राक्षसी रूपापेक्षा आईच्या मायेतच दडलेले आहे, हे गेमन यांचे खरे बलस्थान.

भारतीय काव्यशास्त्रात शब्दाच्या सरळ अर्थाला अभिधा आणि त्यापलीकडे सूचित होणाऱ्या अर्थाला व्यंजना म्हणतात. मूळ कादंबरी व्यंजनेवर उभी आहे. दोन घरांना जोडणाऱ्या अंधाऱ्या वाटेतून पळताना कोरलाइनच्या हाताला भिंत उबदार आणि मऊ लागते, जणू ती श्वास घेत आहे, आणि ती वाट म्हणजे नेमके काय हे लेखक सांगत नाही. स्पर्शाने जाणवणारी ही भीती कागदावर रंगवायची कशी, हा प्रश्न कोणाही चित्रकारापुढे उभा राहिला असता. रसेल यांनी शब्दांशी प्रामाणिक राहण्याचा मार्ग निवडला आणि प्रसंग जवळजवळ क्रमाने, सुबक, वास्तवदर्शी रेषांत मांडले. परंतु दाराच्या अलीकडचे आणि पलीकडचे घर एकाच स्वच्छ नजरेने रेखाटल्यामुळे, ओळखीचे जग किंचित बिघडल्याची जी जाणीव कथेचा प्राण आहे, ती पुसट होते. बटणांचे डोळे वाचताना मनात हळूहळू रुजतात, चित्रात मात्र पहिल्याच क्षणी पूर्ण दिसतात आणि पुढच्या पानांवर सवयीचे होतात. कथेतले काळे मांजर तेवढे अप्रतिम उतरले आहे. कोरलाइन मात्र मूळ कथेतल्यापेक्षा थोराड वाटते आणि तिचे एकाकीपण, जे एवढ्याशा जिवाचे म्हणून वाचकाला हेलावते, तितके खोल जात नाही.

मूळ आवृत्तीसाठी डेव्ह मॅककीन यांनी काढलेल्या काळ्यापांढऱ्या, ओरखड्यांसारख्या चित्रांशी तुलना केल्यास हा फरक उघड होतो, कारण ती चित्रे थोडीच आहेत आणि उरलेला अंधार वाचकावर सोपवतात. २००९ साली आलेल्या हेन्री सेलिक यांच्या चित्रपटाने तर कथेत वायबी नावाचा नवा मुलगा घालण्याचे स्वातंत्र्य घेतले. बाहुल्या कणाकणाने हलवून एकेक चौकट टिपण्याच्या स्टॉप-मोशन तंत्रातून त्याने प्रेमळ आईचे रूप पायरीपायरीने सुयांच्या बोटांच्या कोळिणीपर्यंत नेले. रसेल यांच्यापेक्षा त्याने कथा अधिक बदलली, आणि भीती अधिक जपली.