कानदुखी : दुर्लक्ष नको

कानदुखी म्हटली की घरोघरी आठवते ते कोमट तेल. परंतु घरातील ज्येष्ठांना मधुमेह असेल आणि कानातील ठणक्याने त्यांची रात्रीची झोप उडत असेल, तर तेलाची वाटी दूर ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. कर्णनलिकेतून कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत पसरणारा हा जंतुसंसर्ग असू शकतो. बहुधा स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूमुळे तो होतो व हाडाच्या पेशी मृत होऊ लागतात. अमेरिकेतील डॉ. जेम्स चँडलर यांनी १९६८ मध्ये या विकारास 'मॅलिग्नंट' म्हटले; तथापि हा कर्करोग नव्हे. संसर्ग पसरल्यास चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते.

निदानासाठी कानातील स्रावाचे कल्चर, रक्ताची ईएसआर तपासणी व सीटी स्कॅन करतात. कर्करोगाची शंका दूर करण्यासाठी बायॉप्सीही घेतात. कानाची वारंवार स्वच्छता, रक्तशर्करेवर काटेकोर नियंत्रण आणि साधारणतः ६ आठवडे किंवा अधिक काळ प्रतिजैविके, हे उपचाराचे मुख्य सूत्र. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

ठणका थांबला म्हणजे हाड बरे झाले, असे नव्हे. काही हप्ते भरल्याने कर्जखाते बंद होत नाही. औषधाचेही तसेच आहे. डॉक्टरांनी सांगेपर्यंत ते सोडू नये.