तीनचाकीचे ब्रेक : डिस्क बसवावी की आहे तेच नीट करावे?

भिवंडीत ज्यांचे कापडाचे काम आहे त्यांचे लोडिंग रिक्षाशिवाय एक दिवस चालत नाही. कारखान्यातून ग्रे कापडाचे तागे फोल्डिंगला, फोल्डिंगमधून गोदामात, गोदामातून ट्रान्सपोर्टला, ही सगळी ने-आण तीन चाकांवर होते. सुताचा भाव, मालाचा भाव, पार्टीच्या उधारीची मुदत, या सर्वांचा हिशेब आम्ही व्यापारी चोख ठेवतो. पण ज्या गाडीवर हा माल जातो तिचे ब्रेक कशा अवस्थेत आहेत, याची चौकशी आमच्यापैकी फार थोडे करतात. आम्हीही करत नव्हतो.

२०२३ च्या जुलैची गोष्ट. पाऊस लागून राहिला होता आणि एका पार्टीचा माल संध्याकाळच्या ट्रकने जायलाच हवा होता. आमच्या गाडीला सुमारे पाचशे किलो मालाची परवानगी. दोन खेपा कराव्या लागू नयेत म्हणून आम्ही सत्तर तागे एकदम भरायला लावले. एक तागा साडेअकरा किलो धरला तर आठशे किलो होतात. हा गुणाकार आम्हाला तेव्हाही येत होता, पण केला नाही. उड्डाणपुलाच्या उतारावर पुढे टेम्पो थांबला, ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि पॅडल सरळ खाली गेले. टेम्पोवर आदळू नये म्हणून त्याने हँडल वळवले, गाडी एका बाजूला कलंडली. तागे चिखलात गेले. ड्रायव्हरचे मनगट मोडले. मागून येणाऱ्या बसवाल्याने वेळीच गाडी रोखली, म्हणून तेवढ्यावर निभावले.

आता जी गोष्ट आम्हाला सांगायला जड जाते ती सांगतो. त्याआधी पंधरा दिवसांत ड्रायव्हरने दोनदा म्हटले होते, "सेठ, पॅडल खाली जातंय. दोन-तीनदा मारलं की धरतं." आम्ही म्हटले, "या महिन्याची डिलिव्हरी होऊ दे, मग बघू." त्याच्या घरात चार लेकरे आणि म्हातारी आई. दोन महिने त्याचा हात गळ्यात होता. दवाखान्याचा खर्च आणि दोन महिन्यांचा पगार आम्ही दिला, पण तो आमच्यावर उपकार करत असल्यासारखा गप्प राहून घेत असे, आणि ते आम्हाला जास्त लागत असे.

परदेशी तीनचाकी आणि भाच्याचा हट्ट

आमचा भाचा ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करतो. तो म्हणाला, "मामू, ड्रम ब्रेक आता जुने झाले. आपण पुढे मोटारसायकलची डिस्क बसवू. बाहेरच्या देशात तीनचाकी स्पोर्ट्‌स गाड्यांना लोक असेच ब्रेक वाढवून घेतात." त्याने मोबाईलवर चित्रेही दाखवली. आम्ही आधी हसलो, मग चौकशी केली, आणि चौकशीत बरेच शिकलो.

इंग्लंडात माल्व्हर्न या गावी मॉर्गन नावाचा कारखाना आहे. एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९०९ मध्ये तिथे पहिली तीनचाकी बनवली. पुढे दोन चाके, मागे एक, समोर मोटारसायकलचे इंजिन. तिकडे अशा हलक्या तीनचाकीवर मोटारसायकलइतकाच कर बसे, म्हणून मोटार न परवडणारे लोक ती घेत. पळायलाही चपळ होती, शर्यतीत उतरे. पण सुरुवातीच्या गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या एका चाकाला होता! वेग वाढत गेला तसे हे पुरेना, आणि १९२० च्या दशकात पुढच्या चाकांनाही ब्रेक मिळू लागले. १९५२ मध्ये तीनचाकी बंद झाली आणि २०११ मध्ये नव्या रूपात परत आली, तेव्हा पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी रचना होती. गाडीचे स्वतःचे वजन सव्वापाचशे किलोच्या आसपास, इंजिन मात्र जवळजवळ दोन हजार सीसीचे. त्यामुळे काही हौशी मालक पुढे आणखी मोठी डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर बसवून घेतात. कॅनडाच्या कंपनीची स्पायडर ही तीनचाकी २००७ मध्ये आली. तिचे तिन्ही ब्रेक एकाच पायाच्या पॅडलवर चालतात आणि चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा तिला कंपनीकडूनच येते.

भाच्याचे म्हणणे असे की, त्यांना जमते तर आपल्याला का नाही? हा प्रश्न घेऊन आम्ही कल्याण नाक्याकडच्या आमच्या जुन्या मिस्त्रीकडे गेलो. शाळा त्यांनी चौथीपर्यंतच केली, पण रिक्षा उघडण्यात त्यांचे चाळीस वर्षे आयुष्य गेले आहे. त्यांनी भाच्याला गाडीसमोर उभे केले आणि विचारले, "तुझ्या फोटोतल्या गाडीला पुढे चाके किती?"

दोन. आणि आपल्या रिक्षाला एक. सगळी मेख इथेच आहे.

इटलीत पियाजिओ कंपनीने १९४८ मध्ये आपल्या स्कूटरवरून मालाची तीनचाकी काढली. आपल्या रिक्षांचे घराणे तेच, म्हणून पुढे स्कूटरसारखे एकच चाक. कोणतीही गाडी ब्रेक मारल्यावर पुढे झुकते, म्हणजे मागच्या चाकांवरचे वजन पुढच्या चाकांवर येते. स्पोर्ट्‌स गाडीत ते वजन झेलायला पुढे दोन रुंद टायर असतात, म्हणून तिथे ब्रेकचा जोर वाढवला तर तो रस्त्यापर्यंत पोचतो. रिक्षात ते सगळे एका लहान टायरवर येते. तिवईचा एकच पाय पुढे करून तिच्यावर रेललो तर काय होईल, ते घरी करून पाहावे. त्या एकट्या चाकाला डिस्कचा जबरदस्त ब्रेक दिला आणि ओल्या रस्त्यावर ते जाम झाले, तर हँडल कुठेही फिरवा, गाडी ऐकत नाही. हँडल वळलेले असताना जोराचा ब्रेक लागला तर ती कलंडते, आणि माल उंच रचलेला असेल तर लवकर कलंडते. आमचे नेमके तेच झाले होते.

दुसरी अडचण मिस्त्रींनी सांगितली ती भाच्यालाही पुस्तकात वाचल्याचे आठवले. ड्रमच्या आत जे दोन शू असतात, त्यातला एक चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर अधिक ओढला जातो. म्हणजे चाक स्वतःच ब्रेकला मदत करते. डिस्कमध्ये ही मदत नसते. तिथे तेलाचा दाब जास्त लागतो आणि कॅलिपरचे पिस्टन मोठे असल्याने तेलही जास्त लागते. रिक्षाचा मास्टर सिलिंडर ड्रमच्या मापाचा. त्यावर परकी डिस्क जोडली तर एक तर पॅडल दगडासारखे कडक होईल, नाही तर खाली जाईल. शिवाय पुढचा आणि मागचा ब्रेक यांचा तोल कंपनीने एकदा जुळवलेला असतो, तो बिघडतो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर तराजूच्या एका पारड्यात परके वजन टाकल्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजीसारख्या मंजूर किटची गोष्ट वेगळी. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेसला न्यावी लागते, तिथे घरगुती डिस्क लपत नाही. अपघात झालाच तर विमावालेही आधी तिकडेच बोट दाखवतील. काही नव्या बॅटरीवरच्या मालवाहू तीनचाकींना पुढे डिस्क येते, पण ती कंपनीने पूर्ण गाडीचा हिशेब करून दिलेली असते. ज्यांना डिस्कच हवी त्यांनी तशी गाडी घ्यावी.

मग आम्ही काय केले

मिस्त्रींनी तिन्ही ड्रम आमच्यासमोर उघडले. मागच्या एका चाकाचा ऑइल सील गळत होता आणि लायनर तेलाने काळा झाला होता. तेलकट लायनर कितीही घासला तरी धरत नाही, तो बदलावाच लागतो. दुसऱ्या चाकाचा लायनर रिव्हेटपर्यंत झिजलेला. ड्रम अंडाकृती झालेला. तो लेथवर घासून गोल करता येतो, पण त्याला मर्यादा असते. मापाबाहेर गेलेला ड्रम भंगारात द्यावा, तिथे कंजुषी नको. मास्टर सिलिंडरच्या आतले रबर फुगले होते, त्यामुळे दाब टिकत नव्हता आणि पॅडल खाली जात होते. ते का फुगले? कधी तरी कोणी तरी ब्रेक ऑइल म्हणून साधे मशीनचे तेल ओतले होते. लूमला तेल घालणारा आमचाच कोणी माणूस असावा. खनिज तेलाने ब्रेकचे रबर खराब होते, हे आमच्या कारागीर बांधवांनी विशेष लक्षात ठेवावे, कारण आपल्या कारखान्यात तेलाचे डबे हाताशीच असतात.

ब्रेक ऑइलबद्दल एक गोष्ट आम्हाला मुळीच माहीत नव्हती. हे तेल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरली की तीच मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. उतारावर ब्रेक तापले की असे तेल उकळते, पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ती दाब पुढे देत नाही. पाय खाली जातो, गाडी चालतच राहते. डॉट ४ ची प्रमाणे २३० आणि १५५ आहेत. पण गाडीच्या टाकीवर जे लिहिले आहे तेच घालावे, सीलबंद डब्यातले घालावे, आणि वर्ष-दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. भिवंडीच्या पावसाळ्यात तर वर्षालाच. अर्धा उरलेला उघडा डबा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवण्याची आपली सवय इथे महागात पडते.

तिन्ही चाकांचे लायनर, सिलिंडरांचे किट, रबरी नळ्या, ऑइल सील, नवे तेल, हवा काढणे, एका ड्रमचे लेथकाम, सगळे मिळून आम्हाला सहा हजारांच्या आत पडले. पहिल्यांदा आणलेले लायनर एका दुकानातून स्वस्तात मिळाले होते. खोका कंपनीच्या खोक्यासारखाच होता. मिस्त्रींनी नखाने कोपरा खरवडला तर भुगा निघाला. ते परत केले आणि अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घेतले. दुकानाचे नाव लिहीत नाही. त्यांनी पैसे मुकाट्याने परत दिले, यावरून काय समजायचे ते समजावे. मागचे दोन्ही टायर रिमोल्डचे होते, तेही बदलले. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर, हे मिस्त्रींचे म्हणणे आम्हाला पटले.

उरला प्रश्न वजनाचा आणि वेगाचा, आणि तिथे मिस्त्री काही करू शकत नव्हते. गाडी, ड्रायव्हर आणि पाचशे किलो माल मिळून जवळजवळ एक टन होतो. आमच्या आठशे किलोंनी तो एक टन तीनशे झाला, म्हणजे ब्रेकवर जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने जास्त काम. वेगाचे गणित याहून कठीण. वेग वीसचा चाळीस केला तर फक्त ब्रेकने लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. शिवाय उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करण्याची आपल्या ड्रायव्हरांची सवय. त्या दिवशी आमची गाडीही न्यूट्रलमध्येच होती. दुसऱ्या गिअरमध्ये उतरली असती तर निम्मे काम इंजिनाने केले असते. वाचलेले डिझेल किती, तर चहाच्या एका कपाइतके. आणि जादा वजन पकडले गेले तर कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून वीस हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आहे. दुसऱ्या खेपेचे भाडे त्यापुढे काहीच नाही.

पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रममध्ये पाणी शिरते आणि पहिले दोन-तीन ब्रेक कोरडे जातात. पाण्यातून बाहेर आले की हळू चालवत पॅडल हलके दाबून ठेवायचे, म्हणजे लायनर घासून सुकतो. हे आमच्या ड्रायव्हरला आधीपासून माहीत होते. त्याला विचारले असते तर त्याने आम्हालाही सांगितले असते.

भाच्याचा डिस्कचा हट्ट सुटला, पण मिस्त्रींकडे जाण्याचा नाद लागला. शुक्रवारी कारखाना आणि गाडी दोन्ही बंद असतात, तेव्हा तो तिथे लायनर बदलायला बसतो. ड्रायव्हर सप्टेंबरमध्ये परत कामावर आला. पहिल्या दिवशी त्याने गाडी फिरवून पाहिली, पॅडल तीनदा दाबले आणि खाली उतरून आम्हाला विचारले, "सेठ, आज किती तागे?" आम्ही म्हटले, "चाळीस. बाकीचे दुसऱ्या खेपेला."