बाबांची पद्मिनी

मार्गशीर्षातली सकाळ होती. दवाखाना नुकताच उघडला होता, तोच माझ्या एका जुन्या रुग्णाच्या सूनबाईंचा फोन आला. "डॉक्टर, बाबांचं डोकं फार दुखतंय, मळमळतंय. बोटाला मशीन लावून ऑक्सिजन बघितला, सत्त्याण्णव आहे. बीपीही ठीक आहे. पित्त झालं असेल का?"

मी विचारले, "आत्तापर्यंत बाबा कुठे होते?"

"गॅरेजमध्ये. गाडी चालू करून काहीतरी ऐकत होते. थंडी होती म्हणून शटर ओढून घेतलं होतं."

मी त्यांना सांगितले, की ताबडतोब इंजिन बंद करा, शटर पूर्ण उघडा, बाबांना अंगणात मोकळ्या हवेत बसवा आणि रिक्षा-गाडी मिळेल त्याने रुग्णालयात न्या. मशीनवरच्या आकड्याकडे पाहू नका. तो आकडा खोटा होता.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर आजही कपाटात असेल, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. पेट्रोल अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. बोटाला लावायचे साधे यंत्र प्रकाशाच्या शोषणावरून अंदाज बांधते. त्याला हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही. त्यामुळे माणूस गुदमरत असताना आकडा मात्र सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव असा आश्वासक दिसतो. खरे प्रमाण रुग्णालयात रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळते. काकांच्या रक्तात ते १८ टक्के निघाले. धूम्रपान न करणाऱ्या माणसात ते दोन-तीन टक्क्यांच्या वर नसावे.

त्यातून काकांचे वय ७४ आणि सहा वर्षांपूर्वी हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट घातलेला. अशा हृदयाला प्राणवायूची थोडी तूटही महागात पडते. त्यांना मास्क लावून भरपूर प्राणवायू देण्यात आला. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर साधारण तासा-दीड तासात तो निम्मा होतो. ईसीजी दोनदा काढला, हृदयाला इजा झालेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी काका घरी आले.

आणि त्याच संध्याकाळी त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. भंगारवाल्याशी बोलणे झाले होते. गाडी काढून टाकायची, एवढेच माझ्या तोंडून बाबांना ऐकवायचे होते.

गाडीचे आणि माणसाचे वय

ती गाडी म्हणजे १९८६ सालची, फिकट निळ्या रंगाची प्रीमियर पद्मिनी. आज सत्तरीत असलेल्या पिढीला या गाडीची ओळख करून देण्याची गरज नाही, पण त्यांची काळजी घेणाऱ्या मुला-सुनांसाठी थोडे सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तिचेच नाव पद्मिनी झाले. नाव बदलले तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप तिनेच घडवले. त्यांतल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा वर्तमानपत्रांतून निरोपाचे लेख आले होते. काकांनी ती कात्रणे वहीत चिकटवून ठेवली आहेत.

काका सहकारी साखर कारखान्यात यंत्र विभागात होते. निवृत्तीनंतर गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतरचे वर्षभर मी त्यांना पाहत होतो. दुपारी बाराला उठायचे, औषधे विसरायचे, प्रश्न विचारला तर 'ठीक आहे' एवढेच उत्तर. वजन सहा किलो उतरले. मी औषध दिले, समुपदेशकांकडे पाठवले. थोडा फरक पडला. मग एके दिवशी ते तपासणीला आले तेव्हा नखांत काळे तेल होते. मी काही बोललो नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःहून मला सांगितले, की कार्ब्युरेटर उघडला, आत गाळ साठून दगड झाला होता.

गाडीने त्यांना बरे केले, असे मी म्हणणार नाही. औषधही चालू होते आणि काळही जात होता. परंतु एवढे खरे, की ते सकाळी सातला उठू लागले. गॅस्केट आणायला, फॅन बेल्ट शोधायला पायी बाजारात जाऊ लागले. जुना मिस्त्री भेटला, त्याच्याशी तासभर वाद झाला. काय उघडले, किती फटींवर बसवले, हे वहीत तारखेसह लिहू लागले. त्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी आपली उपाशीपोटीची साखरही लिहायला सुरुवात केली, आणि हे मी त्यांना सहा वर्षे सांगत होतो.

म्हणून मी मुलाला म्हणालो, "भंगारवाल्याला महिनाभर थांबायला सांगा."

हे म्हणताना मला धाकधूक नव्हती असे नाही. पुन्हा काही झाले असते तर त्या घरात मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. रविवारी सकाळी मी स्वतः त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो. डॉक्टरने रुग्णाचे स्वयंपाकघर पाहावे असे मला नेहमी वाटते. या वेळी गॅरेज पाहिले.

माणूस जमिनीवर नको, काम टेबलावर हवे

पद्मिनीसारखी गाडी घरी दुरुस्त करता येते याचे कारण तिच्यात संगणक नाही. १०८९ सीसीचे साधे चार सिलिंडरचे इंजिन. बॉनेट उघडले की सगळे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. ठिणगी पाडणारे सी. बी. पॉइंट घासून स्वच्छ करायचे, फीलर गेजच्या पात्याने त्यांची फट मोजायची, प्लगवरचा काळा थर काढायचा, कार्ब्युरेटरची जेट फुंकून साफ करायची. बारीक, चिकाटीची कामे. सत्तरीतल्या हातांना आणि चष्म्याला ती जमतात, नव्हे, शोभतात.

पण नेमक्या याच साधेपणात धोकाही आहे. थंड इंजिन चालू करताना चोक ओढला की पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते, म्हणजे तो विषारी वायू भरपूर निघतो. आजच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे जे उपकरण असते, ते या गाडीत नाही. तेव्हा आमचा पहिला नियम ठरला: गाडी बाहेर ढकलल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. शटर उघडे आहे, खिडकी उघडी आहे, ही सबब चालणार नाही. काकांचे गॅरेज घराला लागून आहे. दाराच्या फटीतून धूर आत जातो. अशा घरात एकाच वेळी दोघा-तिघांची डोकी दुखू लागली, तर पित्ताची गोळी शोधण्याआधी सर्वांनी बाहेर पडावे.

दुसरी गोष्ट वाकण्याची. काका रक्तदाबाची गोळी घेतात आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन. दोन्हींमुळे एकदम उभे राहताना रक्तदाब घसरू शकतो. बॉनेटमध्ये डोके खाली घालून वीस मिनिटे काम केले आणि झटकन सरळ झाले, की डोळ्यांपुढे अंधारी येते. समोर असते ती लोखंडाची कड. मी त्यांना उभे राहून आणि बसून रक्तदाब मोजून दाखवला. उभे राहिल्यावर वरचा आकडा २२ ने उतरला. आकडा पाहिल्यावर यंत्र विभागातला माणूस लगेच पटतो. टॅमसुलोसिन आम्ही रात्री जेवणानंतर घ्यायला सुरुवात केली आणि गॅरेजमध्ये हात असलेली एक भक्कम खुर्ची आणली. सुटा करता येईल तो भाग सुटा करून खिडकीशी टेबलावर न्यायचा, तिथे बसून दुरुस्त करायचा, आणि मग परत बसवायचा.

गाडीखाली जाणे मात्र पूर्ण बंद. यावर काकांशी बराच वाद झाला. जॅकवर उचललेली गाडी घसरते, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. कारखान्यात त्यांनी अपघात पाहिले होते. तरी 'फक्त पाच मिनिटं' हा मोह सुटत नव्हता. अखेर जॅकच मुलाच्या घरातल्या कपाटात कुलुपात गेला. खालचे सगळे काम, पुढच्या चाकांचे ग्रीसिंग, सायलेन्सर आणि पत्र्याचे वेल्डिंग आता गॅरेजवाला करतो आणि काका खुर्चीत बसून त्याला छळतात.

ब्रेकही बाहेरच. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली भुकटी तोंडाने किंवा पंपाने फुंकून उडवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती भुकटी फुप्फुसात जाते आणि पुढे अनेक वर्षांनी त्रास देते. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे, हे मी त्या गॅरेजवाल्यालाही सांगितले. तो हसला, पण फडके ओले केले.

कपाटातल्या बाटल्या

सूनबाईंना मी गॅरेजचे कपाट उघडायला लावले. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल होते. दुसऱ्या बाटलीत हिरवे कूलंट. घरात चार वर्षांची नात. कूलंटची चव गोडसर असते आणि त्यातले एथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडे निकामी करते. दोन्ही त्याच दिवशी झाकणाच्या डब्यांत, वर नाव लिहून, उंच फळीवर गेले. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची सवय काकांना होती. चुकून घोट गेला तर मिठाचे पाणी पाजून उलटी कधीही करवू नये. उलटीबरोबर पेट्रोल फुप्फुसात उतरते आणि मूळ घोटापेक्षा तेच घातक ठरते. सरळ रुग्णालय गाठावे.

बॅटरीत तेजाब असते आणि चार्ज होताना तिच्यातून पेटणारा वायू निघतो, म्हणून जवळ काडी, विडी, उदबत्ती काही नको. हातातली अंगठी आणि घड्याळ आधी काढावे. डोळ्यात थेंब उडाला तर नळाखाली किमान वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मगच डॉक्टरकडे धावावे, धुण्याआधी नव्हे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. गाडी चालू असताना फिरत्या पंख्याजवळ मफलर, शाल, धोतराचा सोगा जाता कामा नये. काकांचा मफलर सूनबाईंनी स्वतःच्या गळ्यात घातला आणि परत दिलाच नाही.

स्टेंटमुळे काका रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतात. पत्र्याची किरकोळ चीरही त्यांना पंधरा मिनिटे वाहते. गोळी मनाने बंद करू नये. स्वच्छ कापडाने दाबून धरावे, आणि रक्त थांबले नाही तर यावे. हातमोजे वापरावेत, धनुर्वाताच्या लशीला दहा वर्षे होऊन गेली असतील तर पुन्हा घ्यावी. काकांना शेवटची कधी घेतली ते आठवतच नव्हते. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी चालू इंजिनच्या इग्निशन कॉइलवर छाती टेकून वाकू नये. आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारावे.

सही

सर्वांत कठीण गोष्ट राहिलीच होती. पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांसाठीच होते आणि त्यासाठी डॉक्टरच्या सहीचे प्रमाणपत्र, नमुना १-अ, लागते. त्या जानेवारीत काका तो कागद घेऊन आले. गाडीची फेरनोंदणीही झाली होती, पुढची पाच वर्षे. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांचे दृष्टिक्षेत्र कडेने आकसले होते. समोरचा फलक ते वाचू शकत होते. डावीकडून येणारी सायकल त्यांना दिसली नसती.

"म्हणजे गाडी दुरुस्त करायची, पण चालवायची नाही?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "नाही चालवायची, काका."

"तुम्हीच ती ठेवायला सांगितलीत."

यावर मला उत्तर नव्हते. मी सही केली नाही. ते कागद घडी करून खिशात घालून गेले आणि दीड महिना आले नाहीत. औषधे मुलगा नेत असे. त्या दिवसांत मी गाडी विकायला सांगायला हवी होती का, हा प्रश्न मला रात्री पडत असे. काळजी घेणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की परवान्याचा विषय डॉक्टरवर ढकला. तो राग आमच्यावर निघू द्या. घरात राहायचे तुम्हाला आहे.

होळीच्या सुमारास ते आले. वहीत नव्या नोंदी होत्या. साखर थोडी वाढली होती.

दसऱ्याच्या दिवशी दवाखान्याबाहेर हॉर्न वाजला. झेंडूचा हार घातलेली निळी पद्मिनी उभी होती. स्टिअरिंगवर थोरला नातू, वय वर्षे वीस, स्टिअरिंगलाच लागून असलेला गिअरचा दांडा घट्ट धरून. डावीकडच्या आसनावर काका, मांडीवर वही. त्यांनी काच खाली केली, आपट्याची पाने माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना घाई करतो. बाकी ठीक आहे."