काँक्रीटचे सर्पण आणि स्लॅबचा दीर्घकालीन वाक

सेंटरिंग काढल्याबरोबर स्लॅब जितका वाकतो तितक्यावर त्याचे वाकणे थांबत नाही, हे बांधकामाशी संबंध असलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. भार तोच राहतो, सळया त्याच राहतात, आणि तरीही चार-पाच वर्षांनी खालच्या विटांच्या आडभिंतीत तडे दिसू लागतात. स्थिर भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षे सूक्ष्म प्रमाणात आखूड होत जाते. या गुणधर्मास सर्पण म्हणतात. त्याची उपेक्षा किती महाग पडू शकते याचे टोकाचे उदाहरण पॅसिफिक महासागरातील पलाऊ बेटांवरील पूल होय. १९७७ साली पूर्ण झालेल्या या २४१ मीटर गाळ्याच्या पुलाचा मध्यभाग सुमारे १.६ मीटर खचला आणि दुरुस्तीनंतर थोड्याच महिन्यांत, सप्टेंबर १९९६ मध्ये, तो कोसळला. आपल्या स्लॅबच्या बाबतीत जिवाला धोका सहसा नसतो. परंतु घरमालकाच्या मनाला घोर लागतो, आणि तो निष्कारण नसतो.

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या वरच्या मजल्याचा स्लॅब घेऊ. गाळा ४ मीटर, दोन्ही कडांना साधा टेकू, जाडी १५० मि. मी., परिणामी खोली १२५ मि. मी.; काँक्रीट एम २० प्रतीचे, सळया ४१५ प्रतीच्या, १० मि. मी. व्यासाच्या, १३० मि. मी. अंतराने. स्वभार व फरशी मिळून दर चौरस मीटरला ५ कि. न्यू. आणि वर्गाचा चल भार ३ कि. न्यू. धरला आहे, चल भारापैकी १ कि. न्यू. कायमचा मानू. सामर्थ्याच्या दृष्टीने हा स्लॅब पुरेसा आहे. आता भा. मा. ४५६ च्या सन २००० च्या आवृत्तीतील पद्धतीने वाक काढू.

पूर्ण भाराखालील तात्कालिक वाक १४.५ मि. मी. येतो. गाळ्याच्या २५० व्या भागाची, म्हणजे १६ मि. मी. ची, मर्यादा ध्यानात घेतली तर विद्यार्थी येथेच समाधानाने वही मिटतो. पण ही मर्यादा तात्कालिक वाकासाठी नाही. ती सर्पण व आकुंचन धरून होणाऱ्या अंतिम वाकासाठी आहे.

सर्पणासाठी काँक्रीटचा स्थितिस्थापकता-गुणांक (१ + θ) ने भागावयाचा असतो. भार २८ व्या दिवशी आला असे धरल्यास θ चे मूल्य १.६, म्हणजे २२,३६० हा गुणांक ८,६०० न्यूटन प्रति चौ. मि. मी. इतका उतरतो. कायम भाराखालचा आरंभीचा वाक ८.३ मि. मी. आहे. त्यास सरळ २.६ ने गुणून २१.५ मि. मी. लिहिण्याचा मोह येथे होतो, व तो चुकीचा आहे. सर्पण पावते ते दाबाखालचे काँक्रीट. पोलाद पावत नाही. वरचे काँक्रीट आखूड होऊ लागले की उदासीन अक्ष खाली सरकतो. आपल्या स्लॅबमध्ये तो ३२ मि. मी. वरून ४७ मि. मी. खोलीवर जातो. दाब घेणारा थर जाड होतो, त्यातील ताण उतरतो आणि सर्पणाला काही अंशी आपोआप आळा बसतो. हे सर्व गणितात घेतल्यावर कायम भाराचा वाक १२.९ मि. मी. येतो, म्हणजे सर्पणाचा वाटा ४.६ मि. मी. आकुंचनाचे २ मि. मी. मिळविले की एकूण २१ मि. मी. होतात. स्लॅब मर्यादेत बसत नाही.

θ ची निवड हा यातील खरा नाजूक भाग. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवसांनी काढण्यास तेच मानक परवानगी देते, आणि सातव्या दिवशी भार आल्यास θ २.२ धरावयास सांगते. तसे केल्यास सर्पणाचा वाक ६.१ मि. मी. होतो. मात्र सातव्या दिवशी अंगावर येतो तो केवळ स्वभार. फरशी व बाके मागाहून येतात. म्हणून खरे उत्तर या दोहोंच्या मधले.

दुसरी गोष्ट हवेची. मानकातील तीन गुणांक केवळ भार येतेवेळचे वय पाहतात. आर्द्रता व जाडी यांचा विचार त्यांत नाही. युरोपीय मानकांत तो आहे. एप्रिल-मे महिन्यांत भंडाऱ्याची हवा अत्यंत कोरडी असते आणि १५० मि. मी. चा स्लॅब दोन्ही पृष्ठांनी वाळतो. असा स्लॅब समुद्रकाठच्या स्लॅबपेक्षा अधिक सरपटणार, हे उघड आहे. धानाच्या बांध्यांसारखे लहान चौकोन करून वर पाणी साठविण्याची गवंड्यांची रीत येथे फार मोलाची. परंतु पाणी बंद झाल्यावर वाळणे सुरू होतेच. उन्हाळ्यात टाकलेल्या स्लॅबसाठी θ थोडा चढा धरणे मला रास्त वाटते.

उपाय कोणता? काँक्रीटची प्रत वाढवून फारसे साधत नाही, कारण गुणांक प्रतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. जाडी वाढविणे अधिक फलदायी. १७५ मि. मी. जाडी घेऊन सळया त्यानुसार बदलल्या तर एकूण वाक सुमारे १४ मि. मी. येतो व पहिली मर्यादा पाळली जाते. दुसरी मर्यादा आडभिंती व फरशी झाल्यानंतरच्या वाकाची: गाळ्याचा ३५० वा भाग किंवा २० मि. मी., यांपैकी लहान, येथे ११.४ मि. मी. स्वभाराचा दीड मि. मी. वाक वजा केला तरी साडेबारा उरतात. मात्र सर्पण व आकुंचन मिळून पावणेपाच मि. मी. आहेत. त्यांपैकी एखादा मि. मी. विटकामापूर्वीच घडून गेला, तर हा स्लॅब दुसऱ्या मर्यादेतही बसतो. त्यासाठी टेकू काढल्यावर आडभिंतींचे काम काही आठवडे थांबवावे लागेल.