आंतरमहाविद्यालयीन कबड्डीतील 'बलवान संघ' : श्रेष्ठत्वाच्या वादाची चिकित्सा (दापोलीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

कोकणात कबड्डी हा केवळ शालेय किंवा महाविद्यालयीन खेळ नाही; तो गावागावांत रुजलेला लोकखेळ आहे. साहजिकच महाविद्यालयीन स्पर्धांच्या दिवसांत दापोली, खेड, मंडणगड, गुहागर या परिसरात एक वाद हमखास रंगतो : यंदा बलवान संघ कोणाचा? कोणी विजेतेपदाचा दाखला देतो, कोणी पहिल्याच फेरीत तगडा प्रतिस्पर्धी आल्याची खंत मांडतो, तर कोणी कोकणापेक्षा मुंबईचा विभाग कठीण असल्याचे ठामपणे सांगतो. वाद विद्यापीठांच्या पातळीवर गेला की मुंबई, शिवाजी, पुणे ही नावे येतात आणि अखेरीस पश्चिम विभाग बलवान की हरियाणाच्या विद्यापीठांचा उत्तर विभाग, येथपर्यंत चर्चा पोहोचते.

हा वाद करमणुकीचा वाटला तरी त्यातूनच खेळाडूंविषयीची मते बनतात. म्हणून हे श्रेष्ठत्व नेमके कशावरून ठरते आणि उपलब्ध निकाल त्यासाठी कितपत पुरेसे असतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक गाव, दोन वाटा

दापोलीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. येथील वराडकर-बेलोसे महाविद्यालय आणि दापोली अर्बन बँक सिनिअर सायन्स कॉलेज ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. तेथील गुणवान खेळाडूला प्रथम आपल्या विभागात आणि नंतर मुंबई-ठाण्याच्या खेळाडूंशी झुंज देऊन विद्यापीठाच्या संघात जागा मिळवावी लागते.

त्याच गावात 18 मे 1972 रोजी स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ आहे. ते स्वतंत्र विद्यापीठ असल्यामुळे त्याच्या घटक महाविद्यालयांतील खेळाडूंतून निवडलेला संघ विद्यापीठ म्हणूनच मैदानात उतरतो. आंतरविद्यापीठ स्पर्धा, राज्यातील विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव आणि कृषी विद्यापीठांच्या अखिल भारतीय स्पर्धा अशा संधी त्याला उपलब्ध असतात.

परिणामी, काही मिनिटांच्या अंतरावर सराव करणारे दोन महाविद्यालयीन संघ अधिकृत स्पर्धेत समोरासमोर येतच नाहीत. एकाच्या खेळाडूच्या नावापुढे 'आंतरविद्यापीठ' असे लागते, दुसऱ्याच्या नावापुढे 'विभागीय फेरीत पराभूत'. हा फरक बळाचा आहे की वाटेचा, हे केवळ या शब्दांवरून सांगता येत नाही.

बाद पद्धतीची मर्यादा

वेळ आणि निधी यांच्या मर्यादेमुळे बहुतेक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत बाद पद्धत वापरावी लागते. सोळा संघांची स्पर्धा घेतली तर बाद पद्धतीत 15 सामने होतात. प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळावयाचा असेल तर 120 सामने लागतील. म्हणजेच शक्य असलेल्या तुलनांपैकी केवळ एक अष्टमांश प्रत्यक्षात होतात आणि आठ संघ एकच सामना खेळून घरी परततात.

उपविजेत्याच्या बाबतीत अडचण अधिक आहे. 'ॲलिस'चा लेखक म्हणून परिचित असलेला लुईस कॅरॉल हा ऑक्सफर्ड येथे गणिताचा अध्यापक होता. 1883 मध्ये त्याने लॉन टेनिस स्पर्धांवरील पुस्तिकेत दाखवून दिले की बाद पद्धतीत दुसरे बक्षीस दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला मिळेलच असे नाही. आपल्या उदाहरणात भाग्यपत्रिका चिठ्ठ्या टाकून काढली आणि वरचढ संघ नेहमीच जिंकतो असे मानले, तरी दुसऱ्या क्रमांकाचा संघ विजेत्याच्याच अर्ध्या भागात येण्याची शक्यता 15 पैकी 7, म्हणजे सुमारे 47 टक्के असते. तसे झाल्यास तो अंतिम सामन्यापूर्वीच बाद होतो. क्वचित पहिल्या फेरीतच. 'आम्हाला विजेताच आधी आला' ही तक्रार म्हणूनच नेहमी सबब नसते. मानांकनाने हा दोष कमी होतो. मात्र मानांकन मागील वर्षीच्या निकालावर आधारलेले असल्यास जुना अन्याय पुढे चालू राहण्याचा संभव असतो.

विभागाचे बळ कशाने मोजावे?

भारतीय विद्यापीठ संघाच्या कबड्डीसारख्या सांघिक स्पर्धा प्रथम पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण या विभागांत होतात. सर्वसाधारणपणे प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीस पात्र ठरतात. ही रचना प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने न्याय्य असली तरी सर्व विभागांचे बळ समान आहे असा तिचा अर्थ होत नाही. एखाद्या विभागातील सहावा संघ दुसऱ्या विभागातील तिसऱ्यापेक्षा सरस असू शकतो. पण ते सिद्ध करण्याची संधीच त्याला मिळत नाही.

शिवाय 'बलवान विभाग' या शब्दप्रयोगात किमान तीन अर्थ मिसळलेले असतात : ज्याचा संघ विजेता ठरला तो विभाग, ज्यातील सर्वाधिक संघ वरच्या क्रमांकावर आले तो विभाग, आणि ज्यातील शेवटचा संघही सहज हरत नाही तो विभाग. वाद घालणारे बहुधा वेगवेगळे अर्थ मनात धरून बोलतात. म्हणून वाद मिटत नाही. 1956-57 पासून दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडकही येथे निर्णायक ठरत नाही. तो अनेक खेळांतील एकत्रित कामगिरीचा गौरव आहे. एका खेळातील बळाचा तो मापदंड नव्हे.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलबाबत हाच वाद फार मोठ्या प्रमाणावर चालतो. तेथील संघ 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत विभागलेले आहेत. गटविजेत्यांना राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो आणि उरलेल्या जागा निवड समिती भरते. त्यामुळे कोणता गट कठीण, हा प्रश्न तेथे व्यवहाराचा ठरतो. त्यासाठी 1981 पासून एक निर्देशांक वापरला गेला. त्यात संघाच्या स्वतःच्या विजयप्रमाणास 25 टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयप्रमाणास 50 टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयप्रमाणास 25 टक्के भार होता.

एक कल्पित उदाहरण घेऊ. 'अ' संघाने 8 पैकी 6 सामने जिंकले (0.75), पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे विजयप्रमाण 0.40 आहे. 'ब' संघाने 8 पैकी 5 जिंकले (0.625), मात्र त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रमाण 0.60 आहे. तिसरा घटक दोघांसाठी 0.50 धरल्यास 'अ'चा निर्देशांक सुमारे 0.51 आणि 'ब'चा 0.58 येतो. कमी विजय मिळवूनही 'ब' सरस ठरतो.

या पद्धतीतही दोष होते. त्यात गुणफरकाचा विचार नव्हता, आणि प्रतिस्पर्ध्यांना निम्मा भार असल्याने बलाढ्य संघाकडून केवळ हरल्यानेही निर्देशांक सावरला जाई. 2018-19 च्या हंगामापासून तिच्या जागी नवी पद्धत आली. तरीही अशा मोजमापाला तेथे आधार आहे, कारण हंगामाच्या आरंभी वेगवेगळ्या गटांतील संघ एकमेकांशी पुष्कळ सामने खेळतात. आपल्याकडे आंतरविभागीय सामने केवळ अखेरच्या फेरीत होत असल्याने तेच सूत्र जसेच्या तसे लावणे योग्य ठरणार नाही. शिवाय कोणताही निर्देशांक निकालाची हमी देत नाही. 2018 मध्ये अग्रमानांकित व्हर्जिनिया विद्यापीठास सोळाव्या मानांकनाच्या मेरीलँड-बाल्टिमोर काउंटीच्या संघाने 74-54 असे हरविले होते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने महत्त्व

ग्रामीण महाविद्यालयाच्या खेळाडूला हंगामात मोजकेच अधिकृत सामने मिळतात. गावच्या स्पर्धांत तो मातीवर खेळतो. वरच्या स्तरावर मॅटवर उतरावे लागते. अशा वेळी वार्षिक अहवालातील 'पहिल्या फेरीत पराभूत' ही एक ओळ त्याच्याविषयी अपुरीच नव्हे, तर दिशाभूल करणारी माहिती देते. पुढील वर्षी विजेता ठरलेल्या संघाविरुद्ध तीन गुणांनी हरलेला संघ आणि दुबळ्या संघाकडून वीस गुणांनी हरलेला संघ त्या ओळीत सारखेच दिसतात. निवड चाचणीस बोलवावयाचे कोणाला, हे अशा नोंदींवरून ठरू लागल्यास हानी वादात हरणाऱ्या चाहत्याची नव्हे, खेळाडूची होते.

निष्कर्ष

1. विजेतेपद हा स्पर्धेचा अधिकृत निकाल आहे. उर्वरित संघांच्या बळाचा क्रम त्यातून सिद्ध होत नाही.

2. प्रतिस्पर्धी, गुणफरक आणि त्या प्रतिस्पर्ध्याची स्पर्धेतील पुढील वाटचाल यांची नोंद प्रत्येक सामन्यासोबत ठेवावी. त्यासाठी एक नोंदवही पुरेशी आहे.

3. पहिल्या फेरीत बाद होणाऱ्या संघांसाठी सांत्वन सामने आणि भिन्न विद्यापीठांच्या स्थानिक संघांत मैत्रीपूर्ण सामने योजावेत. दापोलीत तर असा सामना भरविण्यास प्रवासखर्चाचीही अडचण नाही.

4. खेळाडूच्या निवडीत संघाच्या क्रमांकापेक्षा त्याच्या चढाया, पकडी आणि समोरील संघाचा दर्जा यांना अधिक महत्त्व द्यावे.

बलवान कोण, हा वाद यामुळे संपणार नाही आणि तो संपावा अशी अपेक्षाही नाही. तो अधिक माहितीच्या आधारे व्हावा आणि त्याची किंमत लहान महाविद्यालयातील खेळाडूला मोजावी लागू नये, एवढी दक्षता घेणे मात्र महाविद्यालयांच्या हाती आहे.