पुठ्ठ्याचा संगणक

आज आपल्या हाती असलेले वर्तमानपत्राचे पान संगणकावर लावलेले आहे. एके काळी ते शिशाचे खिळे जुळवून लावीत. हे काम संगणकाकडे जाऊ लागले तेव्हा त्या जुळाऱ्याच्या कसबाचे काय होणार, असा प्रश्न उभा राहिला.

स्वीडन व डेन्मार्कमधील संशोधकांनी तो कामगारांबरोबर बसूनच सोडवायचे ठरवले. १९८१ साली सुरू झालेल्या ‘युटोपिया’ या प्रकल्पात नॉर्डिक देशांतील मुद्रण कामगारांची संघटना सहभागी होती. संशोधकांनी आधी रिवाजाप्रमाणे आकृत्या नि तक्ते मांडले. कामगारांना त्यांतून काही बोध होईना. मग पुठ्ठा, कागद, प्लायवूड यांची नकली यंत्रे केली. पडद्याच्या जागी कागद लावला. एका रिकाम्या खोक्यावर नुसते ‘लेझर प्रिंटर’ असे लिहिले!

गंमत म्हणजे या खेळण्याने काम साधले. त्यापुढे बसून पान लावताना कुठे अडते, काय हवे, हे कामगार सांगू लागले. दुरुस्तीला कागद बदलला की पुरे. वर्षानुवर्षांचे कसब हातात असते. विचारले म्हणून ते शब्दांत सांगता येतेच असे नाही. हात चालू लागला की ते आपोआप दिसते.

तेव्हा आपल्या कार्यालयात नव्या प्रणालीशेजारी कुणी अजून जुनी वही लिहीत असेल, तर त्याच्यावर रागावू नका. ती वही उघडून पाहा. प्रणालीत काय राहून गेले, ते तिच्यात सापडेल.