दगडखाणीतील बोल्डरिंग

दगडखाणीतील बोल्डरिंग हा प्रस्तरारोहणाचा एक प्रकार असून त्यात बंद पडलेल्या दगडखाणीच्या भिंतींवर व तेथे उरलेल्या शिळांवर दोराविना चढाई केली जाते. चढाईची उंची सामान्यतः चार-पाच मीटरपर्यंत असते. दोर नसल्यामुळे तोल गेलेला आरोहक थेट जमिनीवर येतो. म्हणून खाली जाड गादी अंथरली जाते व सोबती पडणाऱ्याला गादीकडे वळवतो. बोटांचा घाम शोषण्यासाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची भुकटी वापरतात. अमेरिकन गणितज्ञ व जिम्नॅस्ट जॉन गिल यांनी १९५० च्या दशकात ही प्रथा जिम्नॅस्टिक्समधून या खेळात आणली.

पिंपरी-चिंचवड परिसरातील खडक व खाणी

पिंपरी-चिंचवड व चाकणचा पट्टा दख्खनच्या पठारावर वसलेला आहे. हे पठार सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनले. त्यातील काळा पाषाण टणक व एकसंध असतो. मांजऱ्या खडकात वायूच्या बुडबुड्यांमुळे पडलेली छिद्रे असतात. ती बोटे अडकवण्यास सोयीची दिसतात, पण त्यांच्या कडा सहज तुटतात. वरच्या मुरुमावर आरोहणाचा विचारही करू नये.

औद्योगिक वसाहती, रस्ते व इमारती यांना लागणारी खडी मोशीसारख्या गावांतील खाणींनी पुरवली. खडीसाठी दगडाचा चुरा होणार असल्याने सुरुंग लावताना मागे उरणारी भिंत अखंड राहावी अशी गरज नसते. परिणामी तिच्यात आतपर्यंत तडे जातात आणि वरून घट्ट वाटणारा दगड हाताच्या ओढीने निसटू शकतो. बांधकामासाठी चिरे काढणाऱ्या खाणींत मात्र दगड शाबूत निघावा लागतो. तेथील भिंती त्यामुळे अधिक सपाट व भक्कम राहतात. वडार समाजातील कारागिरांनी घण, छिन्नी व पहार यांनी फोडलेल्या जुन्या, उथळ खाणींनाही हे बऱ्याच अंशी लागू पडते. आरोहणासाठी खाण निवडताना तिच्या उंचीपेक्षा ती कशासाठी खोदली गेली हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

दुसरा प्रश्न तळाचा आहे. बंद खाणीत पावसाचे पाणी साचते. काठ उभे असल्याने आत उतरलेल्यास बाहेर येणे कठीण जाते, आणि पोहण्यासाठी गेलेल्या मुलांचे अशा खाणींत बुडून मृत्यू झाले आहेत. बोल्डरिंगसाठी तर सपाट, कोरडा व पाण्याचा निचरा होणारा तळ ही पहिली अट आहे. त्यामुळे खाण बुजवून उद्यान करताना सर्व भिंती मातीखाली न गाडता वरचे चार-पाच मीटर उघडे ठेवणे, सुटे दगड पहारीने पाडणे व भिंतीच्या माथ्यावर कुंपण घालणे ही कामे एकत्रच करता येतात.

क्विन्सीचे उदाहरण

अमेरिकेत बोस्टनजवळील क्विन्सी येथील ग्रॅनाइटच्या खाणी १९६३ मध्ये बंद झाल्या. पाण्याने भरलेल्या या खोल खाणींत उड्या मारताना अनेकांचा बळी गेला. पुढे बोस्टनमधील भुयारी महामार्गाच्या खोदकामातून निघालेली माती टाकून त्या भरण्यात आल्या. उघडे राहिलेले कडे आज सार्वजनिक उद्यानाचा भाग असून तेथे नियमित आरोहण चालते. ही खाण चिऱ्यांची होती, हे तुलना करताना लक्षात ठेवले पाहिजे.

महाराष्ट्रातील बोल्डरिंग

राज्यात या खेळाचा प्रसार मुख्यतः नैसर्गिक कातळावर झाला. मुंबईतील गिरिविहार या १९५४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने नवी मुंबईतील बेलापूरच्या शिळांवर आरोहण स्पर्धा भरवल्या. २०१६ व २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा झाली. तिच्यासाठी मात्र कृत्रिम भिंत उभारण्यात आली होती. ऑलिंपिकमध्ये क्रीडा आरोहणाचा समावेश टोकियो येथील स्पर्धेपासून झाला.

पावसाळ्यात बेसाल्टवर शेवाळ धरते, तर उन्हाळ्यात दुपारी काळा दगड हात लावण्यापलीकडे तापतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या भागात सर्वाधिक सोयीचा असतो.